दोर हातात धरा, बांधू नका: निव्हेर्ने कालव्यावरचा एक दिवस

कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर धरणातून निघून उसाला जाणारं पाणी येतं. त्यात होडी घालायचा विचार कुणाच्या मनात येत नाही. फ्रान्समधले बरेचसे कालवे मात्र मुळातच माल वाहायला खोदलेले. माल रेल्वेने आणि ट्रकने पळवला, कालवे राहिले, आणि आता त्यांच्यावर घरासारखी बोट भाड्याने घेऊन हिंडता येतं. बोटीत झोपायच्या खोल्या, शेगडी, न्हाणीघर सगळं असतं. भाड्याच्या बोटीला परवान्याची परीक्षा लागत नाही. बोट देणारी कंपनी तासाभरात सगळं समजावते आणि त्या सहलीपुरता एक कागद हातात ठेवते. त्या एका तासात डोक्यात जेमतेम निम्मं शिरतं. उरलेलं निम्मं इथे लिहितोय.

सबंध फ्रान्सबद्दल मोघम सांगण्यापेक्षा एकच दिवस घेऊ: बर्गंडीमधल्या निव्हेर्ने कालव्यावर बाय या ठिकाणापासून सार्दीपर्यंत. अंतर इतकं थोडं की माणूस चालत सहज जाईल. पण त्या अंतरात तीन बोगदे आणि ओळीने सोळा लॉक आहेत. लॉक म्हणजे बोटीला वरच्या पातळीवरून खालच्या पातळीला नेणारा दारांचा हौद, तो कसा चालतो ते पुढे सांगतो. बोट चालवायचं जे काही शिकायचं ते सगळं इथे एका दिवसात शिकून होतं. शिवाय या दिशेने लॉक उतरणीचे लागतात, आणि नवख्याला उतरणं चढण्यापेक्षा सोपं जातं.

आदल्या संध्याकाळी, बायला

बायला पोचाल तेव्हा कालव्याच्या शेजारीच मोठा तलाव दिसेल, मधे फक्त एक बांध. हा कालव्याचा माथा. एका बाजूला उतरणारं पाणी ल्वार नदीला मिळून अटलांटिकला जातं, दुसऱ्या बाजूचं योन आणि सेन नद्यांतून पॅरिसला भेटून इंग्लिश खाडीत. आपल्याकडे सह्याद्रीच्या धारेवर उभं राहिलं की एक ओढा कोकणात आणि दुसरा देशावर जातो, तसंच. फरक इतकाच की इथे ती धार पोखरून बोट पलीकडे नेतात.

माथ्यावर पाणी आणायचं कुठून, हा अशा प्रत्येक कालव्याचा खरा प्रश्न. कारण लॉक भरला-रिकामा झाला की प्रत्येक वेळी एक हौदभर पाणी खाली निघून जातं. इथे ते पानसिएर धरणाकडून सुमारे २५ किलोमीटर लांबीच्या पाटाने येतं, आणि वाटेत मोंत्रयोंजवळ ३३ मीटर उंचीच्या दगडी पुलावरून दरी ओलांडतं. म्हणूनच लॉकवरचा माणूस कधी कधी समोरून येणाऱ्या बोटीसाठी तुम्हाला थांबवतो. एक बोट उतरली की त्याच खालच्या पाण्यात दुसरीला चढवायचं, म्हणजे पाणी वाचतं. अशा वेळी कुरकुर करू नका.

संध्याकाळी तीन कामं उरकून टाका. पहिलं, उद्या निघायची वेळ लॉकवर किंवा बंदरातल्या कचेरीत सांगून ठेवा. बोगद्यांचा पट्टा अरुंद आहे. एका वेळी एकाच दिशेची बोट आत जाते, आणि पुढच्या सोळा लॉकवर माणसं बोटीच्या बरोबर राहतात. तुम्ही येणार हे त्यांना माहीत हवं. "दमँ, नव्ह अर", म्हणजे उद्या नऊ वाजता, एवढं फ्रेंच पुरतं. पण त्याआधी "बोंजूर मादाम" किंवा "बोंजूर मस्य" म्हणायला विसरू नका. नमस्कार न करता कामाचं बोलणं तिथे उद्धटपणाचं मानतात.

दुसरं, सामान. या माथ्यावर दुकान असेल अशा भरवशावर राहू नका. किराणा मागच्या शातियों-आं-बाझ्वामध्ये भरून घ्या, किंवा पुढच्या कोर्बिन्यीपर्यंत दम धरा. शाकाहारी असाल तर डाळ-तांदूळ, मसाला आणि छोटा कुकर घरूनच न्या. बोटीच्या शेगडीवर खिचडी छान होते, आणि दिवसभर दोर ओढून आल्यावर तिच्यासारखं दुसरं काही लागत नाही.

तिसरं, छपरावरचं सगळं खाली काढा. छत्री, खुर्च्या, उभ्या ठेवलेल्या सायकली, वाळत घातलेले कपडे. बोगद्याची कमान मध्यभागी उंच आणि कडेला खाली उतरत गेलेली असते. छत्री मधे बसेल, पण बोट हातभर जरी कडेला सरकली तरी तीच छत्री दगडाला घासेल.

कोण काय करणार

चार माणसं असतील तर एक सुकाणूवर, एक पुढच्या दोरावर, एक मागच्या दोरावर, आणि एक काठावर उतरणारा. दोघंच असाल तरी जमतं, फक्त घाई करायची नाही. मुलांनी लाइफ जॅकेट सकाळी चढवायचं ते बोट बांधेपर्यंत उतरवायचं नाही. बोगद्यात आणि लॉकमध्ये मोठ्यांनीही घालावं.

निघण्यापूर्वी सगळ्यांनी एकत्र बसून दोन शब्द ठरवून घ्या: "सोड" आणि "थांब". इंजिनाच्या आवाजात लांबलचक सूचना कुणालाच ऐकू येत नाहीत. आणि माणूस पाण्यात पडलं तर सुकाणूवाल्याचं पहिलं काम एकच, गियर न्यूट्रल करणं. पंखा फिरायचा थांबला पाहिजे. मग दोर किंवा रिंग फेकायची. आणीबाणीचा फोन ११२.

बोटीला ब्रेक नसतो, हे पहिल्या दहा मिनिटांतच कळतं. थांबायचं तर गियर मागे टाकायचा, आणि मागे टाकला की बोटीचं शेपूट एका बाजूला सरकतं. ते नेमकं कोणत्या बाजूला, हे प्रत्येक बोटीचं वेगळं. बायच्या मोकळ्या पाण्यात दोनदा करून बघा आणि लक्षात ठेवा, दिवसभर उपयोगी पडेल. दुसरं म्हणजे सुकाणू फिरवल्यावर बोट लगेच वळत नाही. नवखा माणूस चाक आणखी फिरवतो, मग बोट एकदम जास्त वळते, मग तो उलटं फिरवतो, आणि बोट नागमोडी जाऊ लागते. थोडं फिरवा, परत मधे आणा, आणि वाट बघा.

बोगदे

पहिला ला कोलांसेल, ७५८ मीटर. मग मुआस २६८ मीटर आणि ब्रॉय २१२ मीटर. आत जायची परवानगी सिग्नलच्या दिव्याने किंवा माणसाच्या हाताने मिळते. लाल दिवा असेल तर काठाला धरून थांबा. तोंडाशी बोट आडवी करून ताटकळू नका, समोरून येणाऱ्याला बाहेर पडायला जागा लागते.

आत शिरण्याआधी गॉगल काढा. जुलै महिना असला तरी स्वेटर जवळ ठेवा. बोटीचा पुढचा दिवा लावा आणि त्याचा झोत लांब पाण्यावर न टाकता थोड्या पुढच्या भिंतीवर पडेल असा वळवा. आता सगळ्यात उपयोगी युक्ती: केबिनमधले सगळे दिवे लावा आणि दोन्ही बाजूंचे पडदे पूर्ण उघडा. खिडक्यांतून उजेडाचे चौकोन दोन्ही भिंतींवर पडतात. डावा आणि उजवा चौकोन सारखे दिसले की बोट मधोमध आहे. एक मोठा होऊन फिका पडला आणि दुसरा लहान, धारदार झाला, की ज्या बाजूला लहान आहे तिकडे तुम्ही सरकताय. अंधारात दगडाकडे डोळे ताणण्यापेक्षा हे फार सोपं जातं.

नजर मात्र समोर ठेवा. टोकाला नखाएवढी उजेडाची कमान दिसते आणि तिचंच प्रतिबिंब पाण्यात, दोन्ही मिळून एक गोल. त्या गोलाच्या मध्यावर बोटीचं टोक धरायचं. ताशी चार किलोमीटरने गेलात तर पहिल्या बोगद्याला अकरा-बारा मिनिटं लागतात. त्याहून जोर करू नका. अरुंद जागेत बोटीने ढकललेलं पाणी दोन्ही अंगांनी मागे जायला धडपडतं, त्यामुळे इंजिन कितीही फिरवलं तरी वेग वाढत नाही, फक्त बोट भिंतीकडे ओढली जाते. भिंतीला लागलीच तर घाबरू नका. हाताने ढकलायला कुणीही बाहेर हात काढायचा नाही. बोट काही टनांची असते, तिच्या आणि दगडाच्या मधे बोटं सापडली की संपलं. गियर न्यूट्रल करा, बोटीला आपोआप सुटू द्या, मग हळूच पुढे.

छतातून पाणी ठिबकतं. टपकन मानेवर पडतं तेव्हा मुलं ओरडतात, आणि ते ओरडणं लांबवर घुमत जातं.

हे बोगदे लाकडासाठी झाले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मोर्व्हांच्या डोंगरातलं जळाऊ लाकूड सोळाव्या शतकापासून योन नदीत सोडून पॅरिसला नेत असत. क्लाम्सीला ओंडक्यांचे तराफे बांधले जात. पॅरिसची हिवाळ्यातली ऊब या लाकडावर चाले. १७८४ साली ठरलं ते एवढंच, की बायच्या तलावाकडून योनपर्यंत लाकूड वाहून नेणारा एक पाट काढायचा. त्याचा पुढे बोटींचा कालवा झाला. मधे क्रांती आली, पैसे संपले, डोंगर ढासळला, आणि सबंध १७४ किलोमीटरचा कालवा ओसेरपासून खाली ल्वारपर्यंत सुरू व्हायला १८४० चं दशक उजाडलं. विसाव्या शतकात माल कमी झाला तेव्हा हा माथ्याचा भाग बंद पडायच्या बेतात होता. १९६० च्या दशकात पिएर झिव्ही यांनी बायला पर्यटकांसाठी भाड्याच्या बोटी सुरू केल्या आणि कालव्याला नवं गिऱ्हाईक मिळालं. आज आपण ज्या बोगद्यातून जातो तो उघडा आहे, यात त्या बोटींचा वाटा मोठा आहे.

दोन बोगद्यांच्या मधली खिंड हा या दिवसाचा सगळ्यात सुंदर भाग. दोन्ही बाजूंना खोल कापलेले कडे, त्यांवर शेवाळ आणि नेचे, आणि वर झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. ऊन पाण्यावर तुकड्या-तुकड्यांनी पडतं. पावसाळ्यात ताम्हिणीच्या कातळांना जो ओला वास येतो, तोच इथे भर उन्हाळ्यात येतो. इथे थांबता येत नाही, मागे-पुढे दुसऱ्यांचा रस्ता अडतो, म्हणून वेग कमीच ठेवा आणि डोळे भरून घ्या. पाण्यात पानं आणि बुडालेल्या फांद्या असतात. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची जाळी पानांनी भरली की तापमानाचा काटा वर चढतो. त्या काट्यावर एकाने नजर ठेवावी, आणि बाहेर पडल्यावर जाळी काढून झटकावी.

पहिला लॉक: पोर-ब्र्युले

तिसऱ्या बोगद्यातून पुढे आलात की पोर-ब्र्युलेचा लॉक. इथून सार्दीपर्यंत साडेतीन किलोमीटरच्या आसपास सोळा लॉक आहेत. एक संपतो तोच पुढचा दिसतो.

लॉकला पुस्तकी मराठीत जलपाश म्हणतात, पण कालव्यावर आपण सगळे लॉकच म्हणतो. दगडी भिंतींचा एक लांब हौद, वर आणि खाली एकेक दाराची जोडी. बोट आत घ्यायची, वरची दारं लावायची, खालच्या दारांतल्या झडपा उघडायच्या. हौदातलं पाणी खाली जातं, बोट पाण्याबरोबर उतरते, खालच्या पातळीला पोचली की खालची दारं उघडतात. पंप नाही, मोटर नाही. पाणी स्वतःच्या वजनाने सगळं काम करतं.

आता क्रमाने. दार पूर्ण उघडेपर्यंत लांब थांबा. मग चालत्या माणसापेक्षाही हळू आत शिरा, दोन्ही भिंतींच्या मधून. बोटीच्या कडेचे रबरी फेंडर खाली सोडलेले असू द्या. उतरताना सुरुवातीला हौद काठोकाठ भरलेला असतो, त्यामुळे काठ आणि बोटीचा डेक जवळजवळ एका पातळीत येतात. काठावर जाणाऱ्याने पाऊल टाकायचं, उडी मारायची नाही. दगड ओला असतो.

बोट हौदात पुरेशी पुढे घ्या. वरच्या दाराच्या पायथ्याशी दगडाचा एक उंबरा असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही, पण पाणी उतरलं की बाहेर येतो. बोटीचं मागचं टोक त्याच्यावर राहिलं तर मागची बाजू उंबऱ्यावर टेकते आणि पुढची खाली जाते. एकटी बोट असेल तर भरपूर जागा असते. दोन बोटी एकदम घेतल्या आणि तुम्ही मागे असाल, तर मात्र भिंतीवरची खूण बघा आणि शंका असेल तर लॉकवाल्याला विचारा.

आता दोर. एक टोक बोटीच्या खुंटाला पक्कं. दोर काठावरच्या लोखंडी खुंट्याला वळसा घालून परत बोटीवर आणायचा आणि दुसरं टोक हातात धरायचं. पाणी उतरेल तसा दोर सैल सोडत जायचं. गाठ मारायची नाही. मोकळ्या टोकाला गाठ ठेवायची नाही. हाताला किंवा मनगटाला गुंडाळायचा नाही, आणि डेकवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण आमच्या बोटीवर तिसऱ्याच लॉकला हे घडलं. मावशीने पुढचा दोर हातात धरला होता. काठावरचं कुत्रं बघायला ती क्षणभर वळली आणि सोयीसाठी दोराचे दोन वेढे बोटीच्या खुंटाला घालून ठेवले. पाणी उतरू लागलं. वेढ्यावर ताण येऊन ते एकमेकांत करकचले, आता सुटेनात. बोट पुढून टांगली गेली आणि मागून खाली जाऊ लागली. केबिनमध्ये कप सरकून खाली पडले तेव्हा आम्हाला कळलं. "मावशी, सोड! सोड!" पण दोर हाताने सुटण्यासारखा राहिलाच नव्हता. लॉकवरची मुलगी धावत गेली, खालच्या झडपा बंद केल्या, वरची झडप थोडी उघडून पाणी परत आत घेतलं, आणि बोट वर आल्यावर दोर सैल झाला. दोन मिनिटांचा मामला, पण मावशीचे हात अर्धा तास कापत होते. त्यानंतर आम्ही सुकाणूशेजारी एक धारदार सुरी म्यानात घालून कायमची अडकवून ठेवली. दोर कापायची वेळ आलीच तर सुरी शोधायला वेळ नसतो. तुम्हीही ठेवा.

इंजिन न्यूट्रलमध्ये. बोट खाली पोचली की दोन मीटरहून जास्त ओली, शेवाळलेली भिंत डोक्यावर उभी असते. खालची दारं पूर्ण उघडली, लॉकवाल्याने हात केला, की दोराचं मोकळं टोक सोडून दुसरीकडून ओढून घ्यायचं. दोर पाण्यात पडू देऊ नका. पंख्यात गुंतला तर दिवस तिथेच संपतो. मग सरळ बाहेर, आणि दारांतून पूर्ण निघेपर्यंत जोर करायचा नाही.

दुसऱ्यापासून सोळाव्यापर्यंत

लॉकवर काम करणाऱ्याला एक्ल्युझिए म्हणतात. उन्हाळ्यात बरेचदा कॉलेजची मुलं हंगामी कामावर असतात, आणि बोटीबरोबर एका लॉकवरून दुसऱ्यावर जातात. इथली यंत्रणा हाताची आहे. मदत करायची असेल तर आधी विचारा. एका बाजूचं दार तुम्ही लावलंत तर त्यांची हौदाला अख्खी फेरी वाचते. झडपेचं हँडल मात्र सांगितल्याशिवाय हातात घेऊ नका. दातेरी दांडा, त्यावर एक खटका, आणि वर हँडल. खटका नीट बसलेला नसताना हँडल सोडलं तर ते भिंगरीसारखं उलटं फिरतं आणि मनगटावर बसतं. एक्ल्युझिए आधी खटका पायाने किंवा बोटाने चाचपतो, मगच हात काढतो. ते नीट बघून घ्या.

माझा हिशोब लॉकमागे पंधरा मिनिटांचा. म्हणजे सोळांना चार तास, आणि मधे जेवणाची सुट्टी. दुपारी साधारण बारा ते एक लॉक बंद असतात. नेमक्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, त्या आदल्या दिवशीच विचारून घ्या. पावणेबाराला दारात पोचून "एवढा एकच करा ना" म्हणू नका. तो त्या माणसाच्या जेवणाचा तास आहे. दोन लॉकच्या मधे झाडाच्या सावलीला बोट बांधा, तुम्हीही जेवा. पाचव्या-सहाव्या लॉकनंतर सगळ्यांना वाटतं की आता जमलं, आणि चुका नेमक्या तिथून सुरू होतात. दुपारनंतर दोरावरची माणसं बदला.

ज्याला चालायला आवडतं त्याने बोटीवर बसूच नये. काठाने जुनी वाट आहे, पुढचा लॉक दोन-तीनशे मीटरवर. चालत पुढे जाऊन दार उघडायला हात लावावा. लॉकच्या घरांपैकी काहींत आता कारागीर आणि चित्रकार राहतात, दाराशी मांडलेली मातीची भांडी बघायला थांबता येतं. एक्ल्युझिएला थंड पाण्याची बाटली द्या. उन्हात दिवसभर हँडल फिरवणाऱ्याला त्याचं मोल कळतं.

उलट दिशेने, म्हणजे सार्दीहून वर येणार असाल तर दोन गोष्टी बदलतात. बोट रिकाम्या हौदात खाली असते, त्यामुळे एकाला आधीच काठावर उतरवून ठेवा, तो वरून दोर घेईल. आणि पाणी समोरून उसळत आत येतं, बोट मागे-पुढे ढकलली जाते. पुढचा दोर सतत आवळत राहायचा, आणि वरच्या दारापासून अंतर ठेवून थांबायचं.

सार्दीला, संध्याकाळी

शेवटच्या लॉकवर उद्याची वेळ सांगून टाका, म्हणजे पुढच्याला निरोप जातो. पाण्याची टाकी भरायचा नळ दिसला तर तो सोडू नका.

दोर बांधायचा तो इथे, रात्रीपुरता. काठावर खुंटे नसतील तर बोटीत लोखंडी मेखा आणि हातोडा असतो. मेख पाण्यापासून उलट बाजूला झुकलेली ठोका. दोर अगदी ताणून बांधू नका, कारण शेजारचा लॉक भरला-रिकामा झाला की पातळी थोडी वरखाली होते. दोर काठाच्या वाटेवर आडवा येता कामा नये, मेख गवतात आणि पाण्याच्या बाजूलाच हवी. आणि सकाळी लवकर सायकलवाले जातात, म्हणून प्रत्येक मेखेला एक पांढरा फडका बांधून ठेवा.